डाव्या हाताचा अंगठा

देवराव उस्तादाला जन्मभर एकच गोष्ट शिकवता आली, हलायचं कसं नाही.

यवतमाळला पोलीस मुख्यालयात बावीस वर्षं त्यानं नव्या पोरांना रायफल धरायला शिकवलं. किती पोरं हाताखालून गेली ते त्यालाही सांगता यायचं नाही. त्यातले काही आता पांढऱ्या मिशांचे झालेत, तरी राळेगावच्या स्टँडवर भेटले की जय भीम राहतो बाजूला, आधी डावा तळवा पुढं करतात आणि म्हणतात, "उस्ताद, हाडावर, मांसावर नाही!" हा त्याचा मंत्र. रायफल हाडावर ठेव, मांसावर ठेवू नको. मांस थकतं, थरथरतं, हाड थकत नाही. डावं कोपर बरोबर रायफलीच्या खाली, तळव्याचं बूड वर, आणि रायफल त्यावर नुसती ठेवलेली. डाव्या हातानं आवळायचं नसतंच मुळी, टेकू द्यायचा असतो. ओढायचं काम उजव्याचं, तो मूठ धरून मागचा दस्ता खांद्यात बसवतो. डावा तिथं नुसता उभा राहतो घरच्या बाईसारखा, असं तो सांगायचा आणि पोरं हसायची. त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं, हे एकदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, "एखाद दिवस टेकू काढून पाहा, मंग समजन."

असा हा माणूस. जीभ तिखट आणि हात जिभेहून तिखट. हातात वेताची छडी असायचीच. छडीवाचून उस्ताद कसला, असं तेव्हा सगळेच समजत, मार खाणारेसुद्धा.

आता तो सहासष्ट वर्षांचा होता आणि छडी कुठं गेली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एकुलता एक मुलगा अतुल पोलिसातच होता. दोन वर्षांमागं मारेगावकडचा बंदोबस्त संपवून मोटरसायकलनं परत येताना ट्रकनं उडवलं, जागच्या जागी गेला. तेहतीस वर्षांचा पोरगा. त्याच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर बायकोला, दीपमालाला, घ्यायचं ठरलं. ती आधी नाही म्हणत होती. बंदुकीच्या बाराचं जाऊ द्या, लग्नातल्या फटाक्यालाही कानात बोटं घालणारी बाई ती. पण चार वर्षांच्या पायलकडं पाहून हो म्हणाली. पायल आजीआजोबांपाशी राहिली आणि दीपमाला नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेली.

ती आली ती अतुलच्या दुसऱ्या पुण्यस्मरणाला, चार दिवसांची सुट्टी घेऊन. वेचणीचे दिवस होते. फाट्यावर एस.टी.तून उतरून कपाशीच्या मधल्या पांदणीनं ती बॅग घेऊन चालत आली, तेव्हा देवराव आंगणात तुरीच्या तुराट्यांचा झाडू बांधत बसला होता. पोरगी उन्हानं काळी ठिक्कर पडली होती. पायलला तिनं उचललं, पोटाशी धरलं, सासूच्या पाया पडली. मग बॅगेतून घडी घातलेला एक कागद काढून सासऱ्यापुढं ठेवला.

"बाबा, मी नापास झाली."

तो टारगेटचा कागद होता. देवरावनं तो उजेडात धरला. दहापैकी चारच गोळ्या कागदावर, आणि चारही उजव्या कडेला. एक वर, एक खाली, दोन मधे.

"बाकीच्या?"

"कागदाच्या भाईर."

"उजव्याच आंगानं गेल्या त्याही," देवराव म्हणाला. "तिथला उस्ताद काय म्हणते?"

"म्हणतात, हात ढिला सोड. मी सोडतेच हो, बाबा. पण हात कापतेच." ती खाली बघत राहिली. "दहा दिवसांनी पुन्हा घेणार हायेत. त्यातबी नाई लागल्या तं घरी पाठवतात."

स्वयंपाकघराच्या दारात तुळसाबाई उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात सगळं आलं. पोरगा गेला तो गेला, आता त्याच्या लेकराच्या तोंडचा घास तरी राहू दे, तुम्ही कशाचे उस्ताद!

देवराव उठला. आतल्या खोलीत कापूस छातीइतका भरला होता. त्यातून वाट काढत तो कोपऱ्यातल्या फळीपर्यंत गेला आणि वरून एक लांबडी वस्तू उतरवली. सागाची रायफल होती ती. गावच्या सुतारानं बनवलेली, पोटात लोखंडी सळाख घातलेली, म्हणजे वजन खऱ्या रायफलीइतकं व्हावं. अतुल बारा वर्षांचा असताना देवरावनं त्याच्यासाठी ती बनवून घेतली होती. तेव्हा घर गावात आणि नोकरी यवतमाळला. देवराव रविवारी सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. आला की चहा घेऊन पोराला आंगणात तरटावर पालथा पाडायचा, आणि तासभर ही लाकडी रायफल. तेवढीच बापलेकाची गाठ. अतुल भरती झाला त्या दिवशी ती फळीवर गेली होती, ती आज खाली आली. देवरावनं धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली. अतुलच्या गालाची जागा घासून घासून गुळगुळीत झालेली होती, तिथं त्याचा हात जरा थांबला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं गोठ्याच्या भिंतीवर चुन्याचा ठिपका काढला आणि तरट अंथरलं. दीपमाला ओढणी कमरेला बांधून पालथी झोपली, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. देवराव नेहमीसारखा तिच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. उस्तादानं डाव्याच बाजूला बसायचं असतं, कारण खरं-खोटं काय ते डाव्या हातात दिसतं. त्यानं रायफलीच्या टोकावर एक रुपया ठेवला.

"श्वास घे. अर्धा सोड. आता ट्रिगर दाब, हळू, असा की रुपयाले समजलंच नाई पाह्यजे."

दीपमालानं बोट दाबलं. रुपया खणकन खाली पडला.

"पुन्हा."

पुन्हा पडला. देवराव वाकला, तिच्या डाव्या हाताकडं नीट पाहू लागला.

कोपर ठीक होतं, तळवाही ठीक. पण अंगठा! चार बोटं रायफलीला खालून लागलेली आणि अंगठा मात्र लाकडाच्या कडेला सरळ उभा, वरचं पेर अगदी ताठ. असा अंगठा देवरावनं साऱ्या नोकरीत एकाच हाताला पाहिला होता. तो हात अतुलचा.

"असं धराले कोणं शिकवलं तुले?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच वेगळा वाटला.

"त्याहीनं," दीपमाला म्हणाली. नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नसे. "क्वार्टरवर राहत होतो तेव्हा. सुट्टीच्या दिवशी लाटणं हातात द्याचे अन् म्हणाचे, चाल, आता तूबी पोलीस हो." ती रायफलीवर गाल ठेवूनच किंचित हसली. "असाच धरत होते ते."

चूक समोर होती. कागदावरच्या चार भोकांचं कारण समोर होतं. ताठ अंगठा डावीकडून लाकडाला रेटतो आणि नळी उजवीकडं सरकते. शिकाऊ पोरालाही कळावं. बावीस वर्षांत चूक दिसली आणि देवराव गप्प बसला असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो गप्प बसला. मेलेल्या लेकाचा हात पुन्हा जिवंत दिसला तर कोणता बाप म्हणेल, मोड तो? "कर तसंच," एवढंच बोलून तो उठला आणि उगाच बैलांना वैरण टाकायला गेला. वैरण तर आधीच टाकून झाली होती.

त्या दुपारी पुण्यस्मरण झालं. राळेगावहून भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, खीर वाढली. अतुलच्या फोटोला हार घातला. फोटोत तो खाकीत, छातीवर हात बांधून उभा. आलेगेले दीपमालाला "काय मॅडम, कुठं पोस्टिंग?" म्हणून कौतुकानं विचारत होते आणि ती कसनुसं हसत होती. देवरावची नजर फोटोतल्या डाव्या हाताकडं गेली. अंगठा नेमका दंडाखाली दडलेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तरट, पुन्हा रुपया. रुपया पडायचा थांबेना. शेवटी देवरावनं मन घट्ट केलं.

"दीपा, अंगठा वाकव."

"नाई."

"काय नाई? अंगठा सरळ ठेवला तं रेटा बसते. म्हणूनच गोळ्या उजवीकडं जाऊन राह्यल्या तुह्या. वाकव अन् नुसता टेकवून ठेव."

"ते असाच धरत होते अन् त्याहीच्या सगळ्या लागत होत्या."

"त्याचीबी चूकच होती ते! दहा वर्षं सांगू सांगू थकलो त्याले, एक दिवस आयकलं नाई. तू तरी आयक!"

"नाई वाकवत मी." ती भिंतीवरच्या ठिपक्याकडंच बघत होती. "बार झाला की माहा जीव जाते, बाबा. असा हात धरला की वाटते ते हायेत संगं. मंग भेव वाटत नाई."

देवरावला ते ऐकून रडू यायला हवं होतं. पण या माणसाचं असं होतं की रडू यायच्या जागी राग येई. जन्माची खोड. "ढोरावानी जिद्द करून राह्यली तू!" तो ओरडला, आणि जवळ पडलेली तुराटी कधी हातात आली आणि कधी वर गेली ते त्याचं त्याला कळलं नाही.

दीपमालानं हात मागं घेतला नाही. मान वळवून सासऱ्याकडं पाहिलं.

"मारा," ती म्हणाली. "माहाबी मोडा."

तुराटी हवेतच राहिली.

"माहाबी म्हंजे?"

ती उठून बसली. बोलू की नको असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण आता तोंडातून गेलेलं मागं घेता येत नव्हतं.

"त्याहीचा अंगठा वाकतच नव्हता, बाबा. वरचं पेर. लहान असताना तुमच्या छडीनं मोडला, अन् मंग तसाच बसला. लग्न झाल्यावर भाकर मोडताना पाह्यलं मी, इचारलं, तवा सांगतलं त्याहीनं. भरतीच्या मेडिकलमंदीबी मूठ आवळून अंगठा आत दाबून घेतला, म्हणून डॉक्टरले दिसला नाई. मले म्हणाले, बाबाले माहीत नाई, अन् सांगूबी नको."

देवरावनं तुराटी खाली टाकली.

ती सकाळ त्याला लख्ख आठवली. कोणी पडदा बाजूला करावा तशी आठवली. बारा वर्षांचा अतुल तेव्हा भीतीनं रायफल आवळून धरायचा, बोटं पांढरी पडेपर्यंत. ढिला सोड, ढिला सोड, असं दहादा सांगून अकराव्यांदा देवरावनं छडी ओढली होती, अंगठ्यावरच. पोरगं ओरडलंही नव्हतं. "हां, असा सोड!" म्हणून देवराव खूशच झाला होता. पुढच्या रविवारी आला तर हात सुजलेला, हळद बांधलेली. काय झालं म्हणून विचारलं तर तुळसाबाई म्हणाली, सायकलवरून पडला. झालं, विषय संपला. महिन्यानं पोरगा परत तरटावर आला तो ताठ अंगठा घेऊन. तेव्हा देवराव म्हणाला होता, "वा रे बहाद्दर! आधी आवळत होता, आता उभा करते. कशानं तरी छळशीनच मले." आणि मग दहा वर्षं तो त्या अंगठ्यामागं हात धुऊन लागला. आपणच मोडलेल्या अंगठ्याला, तू वाकत का नाहीस, म्हणून दहा वर्षं बोल लावत राहिला. ट्रेनिंग संपवून अतुल बॅचमधल्या उत्तम नेमबाजाचा कप घेऊन घरी आला, तेव्हा दारातच बाप म्हणाला होता, "अंगठा अजून उभाच असन?" पोरगा हसला होता आणि कप आईच्या हातात दिला होता.

"मले काहून नाई सांगतलं त्यानं?" देवरावनं विचारलं.

"ते नाई सांगतलं मले," दीपमाला म्हणाली.

दिवसभर देवराव जेवला नाही. तुळसाबाईनं दोनदा हाक मारली, तिच्याही तोंडाकडं त्याला बघवेना. का सांगितलं नसेल? भ्याला असेल. बाप नव्हताच मी, नुसता छडीवाला होतो, भ्यायचा नाही तर काय. नाहीतर राग धरला असेल मनात, की असल्या माणसाला सांगायचं कशाला. एकातून सुटावं तर दुसरं कारण पुढं उभं राही. आता विचारायचं कोणाला? जो सांगणार तो फोटोत जाऊन बसलेला.

उन्हं कलल्यावर सगळे कापूस वेचायला गेले. घर रिकामं झालं. तेव्हा देवरावनं एक चिंधी घेतली, आपल्या डाव्या अंगठ्याला काडी लावली आणि दातांनी गाठ मारून तो ताठ बांधून टाकला. मग तरटावर पालथा झाला. या वयात पालथं होणं काही सोपं नाही, बरगड्या बोलल्या. त्यानं सागाची रायफल उचलली.

आधी वाटलं, धरताच येणार नाही. अंगठा कामाचा नाही म्हटल्यावर हाताला आवळायला जागाच नव्हती. रायफल घसरायला लागली. त्यानं कोपर आत घेतलं, आणखी आत, अगदी बरोबर खाली. तळव्याचं बूड वर आणलं. आणि एका जागी रायफल आपसूक येऊन बसली. बोटांवर भार नाही, दंडावर भार नाही, सगळं वजन सरळ हाडातून जमिनीत गेलं. देवरावनं भिंतीवरच्या ठिपक्याकडं पाहिलं. नळी तसूभरही हलत नव्हती.

हाडावर, मांसावर नाही. आयुष्यभर तो जे ओरडून सांगत होता ते एकाच पोरानं पुरतं केलं होतं. आणि त्या पोराला तो जन्मभर चूक म्हणत आला होता. देवराव तसाच गाल टेकवून पडून राहिला. गालाखालचं लाकूड ओलं झालं.

"बाबा!"

दीपमाला वेचणीची ओटी कमरेला तशीच ठेवून पाणी न्यायला परत आली होती. तिनं चिंधी पाहिली आणि तिला सगळं कळलं. ती खाली बसली, सासऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि दातांनी मारलेली गाठ नखानं सोडवू लागली. गाठ लवकर सुटेना.

"माह्या तोंडून निघाले नव्हतं पाह्यजे," ती म्हणाली.

"निघालं ते बरं झालं." देवराव उठून बसला. "आता आयक. हे उस्ताद म्हणून नाई सांगत. त्याचा अंगठा मेलेला होता. मेलेल्या अंगठ्यात जोर नसते, तो रेटत नाई, म्हणून त्याले कधी नडला नाई. तुहा जिता हाय, माय. जिता अंगठा तसा ताठ ठेवाचा म्हटलं तं जोर लावा लागते, अन् तोच जोर तुहा हात कापवते. तू त्याच्यावानी धरून नाई राह्यली, त्याचं दुखणं धरून राह्यली."

दीपमालाचे डोळे भरून आले. "वाकवला तं ते जातीन, बाबा."

"तो गेलाच हाय." हे दोन वर्षांत त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. "गेला आपला अतुल. तू हायेस. पायल हाय."

मग दोघंही तिथं तरटावर बसून रडली, सासरा सुनेपुढं रडतो हे बरं दिसतं का याचा विचार न करता. पायल रिकामी कळशी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, आजीनं पाणी मांगतलं." तेव्हा दीपमाला डोळे पुसून उठली.

चौथ्या दिवशी तिची गाडी दहा वाजताची होती. उजाडल्या-उजाडल्या ती तरटावर आली. देवरावनं तिच्या तळहाताखाली आपला तळहात दिला आणि तिचा हात स्थिर झाल्यावर हळूच काढून घेतला. "आता अंगठा." दीपमालानं डोळे मिटले. अंगठा वाकला आणि लाकडाला नुसता टेकला. रुपया ठेवला. तिनं बोट दाबलं. रुपया जागेवर राहिला. पाचदा केलं, पाचही वेळा राहिला. एरवी असं झालं असतं तर उस्तादानं पाठीवर थाप दिली असती. आज दोघंही त्या अंगठ्याकडं नुसतं बघत राहिली.

फाट्यापर्यंत तो तिला पोचवायला गेला. गाडीत चढताना ती म्हणाली, "बार झाला अन् भेव वाटलं तं?"

"वाटू दे. भेव वाटत वाटत दाब. म्या कोणाले सांगतलं नाई, पण मलेबी वाटे."

पुढचे दिवस कसे गेले ते देवरावलाच ठाऊक. वेचणी सुरू होती, राळेगावला कापसाची गाडी गेली, आली, त्याचं कशात लक्ष नव्हतं. काहून नाई सांगतलं? शेतात, पाणवठ्यावर, जेवणाच्या ताटावर तेच. तुळसाबाईला विचारावं असं दहादा मनात आलं, पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं की पोराचा अंगठा मी मोडला. ते तोंडातून निघेना.

ती आली त्याच्या अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. देवराव आंगणात होता, तुळसाबाई जात्याजवळ तुरीची डाळ पाखडत होती.

"बाबा, लागल्या," दीपमाला म्हणाली. "दहापैकी आठ."

"आठ!"

"हाव. पास झाली मी." मागं पोरींचा गलका ऐकू येत होता. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "वाकवला होता, बाबा."

"बरं केलं."

"पहिल्या गोळीले लय भेव वाटलं. कोणीच नव्हतं संगं."

"आता पायलशी बोल," असं काहीतरी म्हणून देवरावनं फोन नातीच्या हाती दिला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"काय म्हणते सून?" तुळसाबाईनं विचारलं.

"पास झाली."

"मंग रडता कायले? गोड करा लागते का रडा लागते?"

आणि मग ते निघालं. आठ दिवस मनात अडकलेलं एकदम निघालं.

"तुळसा, अतुलचा अंगठा म्या मोडला होता. छडीनं. तो सायकलवरून पडला नव्हता."

तुळसाबाईचं सूप थांबलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. त्याचंच देवरावला जास्त भय वाटलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "सायकलचं म्याच सांगतलं होतं तुमाले."

"तू? काहून?"

"त्यानं सांगाले लावलं. रातभर हात धरून कण्हे पोरगं. म्या म्हटलं, येऊ दे तुह्या बापाले रविवारी, पाह्यते मी त्याची छडी. तं पाय धरले माहे." तुळसाबाईनं सूप खाली ठेवलं. "म्हणे, आई, बाबाले सांगू नको. त्याहीले वाईट वाटन, अन् मंग ते मले शिकवणं बंद करतीन. रविवारी मंग ते माह्याजवळ बसनार नाईत."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

गोठ्याच्या भिंतीवर चुन्याचा ठिपका अजून तसाच होता, आणि तरट त्या दिवसापासून कोणी उचललं नव्हतं. देवराव हळूहळू तिथवर गेला. तरट मोकळंच होतं. तो त्याच्या डाव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी, उकिडवा बसला आणि हमसून हमसून रडला. तुळसाबाईनं त्याला उठवलं नाही. तासभर तो तसाच बसून होता.